कूलर चालू ठेवून आवाज लावून देणाऱ्या भाऊंना

भाऊ,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नावाशिवाय लिहितो. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

धरमपेठेत आमच्या वाचनालयाची उन्हाळी व्याख्यानमाला होते आणि मोबाइलवर थेट ऐकवली जाते. घरून ऐकणारे बहुतेक सत्तरीपुढचे. पारा ४५ अंशांवर, बाहेर पडायची सोय नाही. वक्ता बोलत असेपर्यंत सगळं बरं चालायचं. तो क्षणभर थांबला की कूलरची घरघर फुगत यायची, आणि पुढच्या वाक्याचा पहिलाच शब्द कानावर आदळायचा.

तुमच्याआधी आलेल्यांनी पैसे घेऊन काय केलं? एकाने माइक बदलायला लावले. दुसऱ्याने नव्या मिक्सरचं कोटेशन हातात ठेवलं. तिसरा म्हणाला, कूलर बंद करा. मे महिन्यात, नागपुरात, म्हाताऱ्या माणसांनी भरलेल्या सभागृहात! यातल्या एकानेही हेडफोन कानाला लावून बघितला नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आलात आणि कशालाही हात लावायच्या आधी विचारलंत, "तक्रार कोणाची आहे?" गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडणाऱ्या आमच्या एका आजींना तुम्ही स्वतः फोन लावलात. काहीतरी बदलायचं, माइकवर दोन ओळी वाचायला लावायच्या, की पुन्हा फोन. "शब्द समजू राहिले, पण थांबले का कूलर येते जी," असं त्या म्हणाल्या, तेव्हा तुम्ही "बरोबर आहे आजी, थांबा जरा," म्हणून परत मशीनकडे वळलात. मध्येच त्या यजमानांच्या रेडिओच्या वेडाबद्दल सांगत बसल्या, तेही तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत. आमच्या इथे इतकी माणसं येऊन गेली, आजींना मात्र कोणी काही विचारलं नव्हतं.

मग तुम्ही आम्हा पोरांना जे समजावलंत, ते माझं पाठ झालंय. एजीसी, म्हणजे आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय, हा व्हॉल्यूमच्या बटणावर बसवलेला माणूस; आमचा भलताच उतावळा होता, शांतता दिसली की आवाज चढवायचा. तुम्ही त्याचा रिलीज, म्हणजे आवाज पुन्हा चढवायला तो घेतो तो वेळ, काही सेकंदांवर नेलात आणि कूलरच्या पातळीच्या किंचित वर गेट ठेवलात, म्हणजे आवाज त्याखाली गेला की त्याने आहे तिथेच थांबायचं. लिमिटरचा लाल दिवा तर कायम पेटलेला असायचा. "आवाज सारखा करणं एजीसीचं काम, लिमिटरने फक्त अचानक उसळलेला आवाज पकडायचा," म्हणालात. तो साखळीत शेवटी ठेवलात आणि त्याची सीलिंग, म्हणजे आवाजाची कमाल मर्यादा, शून्यावरून उणे १ डेसिबलवर आणलीत, कारण मोबाइलसाठी आवाज कॉम्प्रेस होताना त्याची टोकं थोडी वर जातात. आता तो दिवा वक्त्याने टेबलावर हात आपटला तरच लुकलुकतो.

कसबी माणसं या शहरात कमी नाहीत. पण समोरच्याचं ऐकून घेणारा, पैशांची गोष्ट काढल्यावर नुसता चहा मागणारा कसबी माणूस भेटला की आपलं गाव चांगलं आहे असं वाटतं. आजींनी परवा अख्खं व्याख्यान हेडफोनशिवाय ऐकलं आणि मला फोन करून त्यातला एक मुद्दा चुकीचा असल्याचं ठणकावून सांगितलं.

एक मागणं आहे. मिक्सरवर बसणाऱ्या आमच्या दोन्ही पोरांना हे नीट शिकायचंय. तुमच्या सवडीच्या एखाद्या रविवारी या. कूलर चालूच असेल.

तुमचा ऋणी,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता