रविवारी भजनाआधी अर्धा तास : सर्व सभासदांसाठी

राम कृष्ण हरी मंडळी,

येत्या रविवारी साडेसहाऐवजी सहालाच या. पहिला अर्धा तास एचआयव्हीच्या माहितीची चित्रांची वही पुढे घेऊन बसायचं आहे. मागच्या खेपेला काहीजण टाळ वाजायला लागल्यावर आले आणि घरी जाऊन परत तेच सांगत सुटले, "त्याचं ताट वेगळं ठेवा."

काल्याच्या परातीचं पान नीट बघा. एकाच परातीत पाच-सहा हात, लाह्या-दही बोटांना लागलेलं. त्यातून एचआयव्ही होत नाही. पाया पडून, गळाभेट घेऊन, डास चावूनही नाही. असुरक्षित संबंध, दूषित रक्त, दुसऱ्याची वापरलेली सुई आणि आईकडून बाळाला, हे मार्ग. औषधं नेमानं घेऊन विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, तर संबंधातूनही तो पुढं जात नाही. यावर आपल्यात बराच वाद झाला होता. बुवांनाही पटायला दोन बैठका लागल्या!

कुणाचं नाव घेऊन विचारायचं नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानंही संमतीशिवाय कुणाला एचआयव्ही आहे की नाही हे उघड करता येत नाही. प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीशेजारच्या डब्यात टाका.

सरकारी केंद्रात चाचणी आणि औषधं मोफत आहेत. हेल्पलाइन १०९७.

मार्गशीर्ष पौर्णिमेला कर्नाटकात सौंदत्तीच्या यल्लमाच्या यात्रेला जाणाऱ्या गाडीत वहीची कन्नड प्रत न्यायची आहे. कन्नड सफाईनं वाचणारे दोघे हवेत, त्यात एक बाई असावी. नावं शनिवारपर्यंत कळवा.

– चिटणीस