चक्र कोपऱ्याभोवती का फिरलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपतीची चवथ आटोपली की आमच्या म्हार्दोळच्या वाड्यावरची मुलं नरकचतुर्दशीला जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यामागे लागतात. यंदा त्यातली सहा-सात जणं रविवारी सकाळी माझ्या सोप्यावर असतात, दोन जुन्या लॅपटॉपांना डोकी चिकटवून. त्यांचं काय चाललं आहे ते सांगण्यासाठी हे पत्र.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. नोकरीत असताना कॉम्प्युटरशी माझा संबंध निकाल भरण्यापुरता, तोही कारकुनाच्या शेजारी खुर्ची ओढून. दोन वर्षांपूर्वी चवथीला आलेल्या भाच्याने मला 'प्रोसेसिंग' दाखवलं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये केसी रीस आणि बेन फ्राय या दोघांनी २००१ मध्ये ते सुरू केलं. प्रोग्रॅम लिहायचा आणि लगेच चित्र बघायचं, एवढाच त्याचा बाणा. त्यात प्रोग्रॅमला 'स्केच' म्हणतात आणि ते ठेवायच्या जागेला 'स्केचबुक'. हे दोन शब्द ऐकले आणि माझी भीती निम्म्यावर आली. त्याचंच ब्राउझरमध्ये चालणारं भावंड म्हणजे पी-फाइव्ह-जेएस. ते लॉरेन मॅकार्थी या कलावतीने २०१३ मध्ये सुरू केलं. दोन्ही फुकट. पावसात आमच्याकडे नेट जातं तेव्हा प्रोसेसिंग कामाला येतं, कारण एकदा उतरवून घेतलं की त्याला नेट लागत नाही.

आठवीतल्या एका मुलाला कृष्णाचं सुदर्शन चक्र फिरवायचं होतं. चक्र त्याने पडद्याच्या मधोमध छान काढलं आणि 'रोटेट' लिहिलं. लगेच ओरडला, "सर, चक्र धांवलें!" चक्र स्वतःभोवती न फिरता पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्याभोवती घिरट्या घालत होतं आणि मधेच दिसेनासं होत होतं. भाच्याला फोन लावणार होतो, पण म्हटलं आधी आपण डोकं लावू. कागद घेतला, त्याच्या डाव्या कोपऱ्यात टाचणी टोचली आणि कागद फिरवला. मधलं चक्र लांबून गोल फिरलं. मग टाचणी काढून चक्राच्या मध्यात टोचली. पोरगं माझ्या हातातला कागद टाकून लॅपटॉपकडे पळालं. पडद्यावरची मोजणी त्या कोपऱ्यातल्या शून्यापासून होते आणि फिरणंही त्याच्याभोवतीच. म्हणून फिरवण्याआधी तो शून्याचा कोपराच चक्राच्या मध्यावर सरकवायचा, त्याला 'ट्रान्सलेट' म्हणतात, आणि चक्र मग तिथे शून्यावर काढायचं. पेन्सिल फिरवू नका, कागद फिरवा, असं मी ३१ वर्षं वर्गात सांगत आलो. त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

दुसरी गंमत त्याच चक्राची. काटकोनात वळवायला त्याने ९० लिहिलं, तर ते भलतीकडेच वळलं. कारण तिथे कोन अंशांत नाही, रेडियनमध्ये मोजतात. पूर्ण फेरी म्हणजे ६.२८ च्या आसपास. ९० म्हणजे १४ फेऱ्या आणि वर साधारण ११७ अंश. पी-फाइव्हमध्ये अंशांत मोज असं एका ओळीत सांगता येतं, तो तोडगा मी नंतर दिला. आधी त्याला गणिताच्या बाईंकडे पाठवला. पुढच्या वर्गांतला रेडियन त्याने आठवीत स्वतःच्या गरजेने विचारून घेतला, बाईंनाही नवल वाटलं.

सगळ्यात हुशार निघाली ती नववीतली एक मुलगी. तिला '१५ ते ८' रांगोळी घालायची होती. रांगोळी घालणाऱ्यांना सांगायला नको: मधल्या ओळीत १५ ठिपके, वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी होत ८ पर्यंत, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मध्ये. तिने एकेक ठिपका हाताने लिहायला घेतला. प्रोग्रॅमच्या विसाव्या ओळीला कंटाळली. एकूण १६९ ठिपके होतात, हे तिनेच बोटांवर मोजलं. मग तिला लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारी सूचना, हवासा झाला, मी शिकवायची वाट न बघता. एकात एक दोन लूप: बाहेरचा ओळींचा, आतला ठिपक्यांचा. ओळ बदलली की अर्धं अंतर सरकायचं, हे तिच्या आजीने तिला आधीच शिकवलेलं होतं. तिने फक्त ते आकड्यांत लिहिलं. रांगोळी १५ ची ११ करायला मग एकच आकडा बदलावा लागला.

आता तक्रार. हीच मुलगी शाळेत कॉम्प्युटरच्या विषयात जेमतेम पास होते. तिथे पहिला प्रोग्रॅम मूळ संख्या ओळखण्याचा, तोही वहीत. परीक्षेत फ्लोचार्ट पट्टीने आखायचा. चौकट वाकडी आली तर गुण कापतात. तास ३५ मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटं लॅबची चावी शोधण्यात जातात. शाळेचं नाव घेत नाही, थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी हेच ऐकतो. कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची 'केअर्स' योजना गोवा सरकारने आणली, ते चांगलंच झालं. माझं म्हणणं एवढंच, की सुरुवात चित्राने करा. दोन तास जोडून द्या, परीक्षा यंत्रासमोर बसवून घ्या, आणि त्या तासाला चित्रकलेच्या शिक्षकालाही आत बोलवा. तो स्टाफरूममध्ये बहुधा प्रमाणपत्रांवर नावं घालत बसलेला असतो.

एका पालकांनी मला विचारलं, चित्रं हलवून पोट भरणार का? हिशेबाचे, याद्यांचे प्रोग्रॅम चित्रांतून येत नाहीत, ते वेगळे शिकावे लागतात, हे मी त्यांच्यापाशी कबूल केलं. काही मुलं तीन-तीन रविवार नुसते रंग बदलत बसतात, हेही खरं. पण चूक डोळ्यांना दिसते, हा फायदा मला मोठा वाटतो. मूळ संख्येचं उत्तर चुकलं तर मूल मास्तराकडे बघतं. चक्र पळालं तर ते चक्राकडे बघतं.

यंदाच्या नरकासुराच्या चेहऱ्यात माझा जुना टीव्ही बसणार आहे. त्यावर दोन डोळे. मागे एक जण माउस घेऊन बसेल, आणि समोरून जाणाऱ्या माणसावर नरकासुर डोळे फिरवेल. जाळण्याआधी टीव्ही काढून घ्यायचा, एवढी माझी अट आहे. उजवा डोळा बरोबर चालतो. डाव्याचं बुबुळ अजून खोबणीतून बाहेर पडून गालावर येतं. नरकचतुर्दशीला बारा दिवस आहेत.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
म्हार्दोळ, फोंडा