एक डोळा उघडा ठेवून

रविवार, रात्री उशिरा

प्रिय मंजू,

तुझ्या लांबलचक पत्राला उत्तर द्यायचं आज-उद्या करत तीन महिने गेले. रागावली असशील, आणि तो तुझा हक्कच आहे. माझं बीपी ताब्यात, आईचा गुडघा तसाच, विकासचा खोकला गेला. झालं तब्येतीचं. आता ज्यासाठी बसले आहे ते सांगते, कारण ते तुझ्याशिवाय कुणालाच कळणार नाही.

मीरा गेले सतरा दिवस एक डोळा उघडा ठेवून तोंड धुते.

काल मी बाथरूमच्या दाराशी उभी राहून बघितलं. दोन्ही गालांना साबण, डावा डोळा गच्च मिटलेला, उजवा सताड उघडा आणि आरशावर लावलेला. फेस ओघळत ओघळत त्या डोळ्यात गेला. चुरचुरला असणार, पापणी थरथरली, पण तिने मिटू दिली नाही. चूळ भरतानाही मान वर, त्यामुळे सगळं पाणी फ्रॉकवर. बाहेर आली तेव्हा डोळा लालभडक. म्हटलं, अगं, मिटायचा ना डोळा. तर म्हणते, ‘मिटला की ती हात थांबवते.’

मंजे, मला तिथे तू दिसलीस. बापूकाकांची मोरी, डोक्याला शिकेकाई, आणि ‘डोळे मिटणार नाही’ म्हणून किंचाळणारी तू. आठवतंय ना? मला सगळं आठवतंय, आणि का आठवतंय तेही तुला माहीत आहे.

झालं असं. अनयचे तीन मित्र राहायला आले होते आणि त्यांना भुताचा सिनेमा बघायचा होता. चौदा वर्षांची मुलं, टीव्हीवर आकडा १३+, शेजारी बारीक अक्षरात नुसतं ‘भीती’. कसली, किती, कुणाची, काही नाही. मी आपली जबाबदार आई म्हणून आधी अर्धा तास बघून घेतला. रक्त नाही, शिवीगाळ नाही, नको ते काही नाही. म्हटलं, बघा. मीरा झोपली होती. म्हणजे झोपली आहे असं मला वाटलं. ती सोफ्यामागे उभी राहून जेमतेम चार मिनिटं बघत होती. त्या चार मिनिटांत काय होतं सांगू? एक आई आरशासमोर बसून मुलीची वेणी घालते आहे. आरशातल्या आईचे हात थांबतात. बाहेर वेणी चालूच. बस्स. कुणी ओरडत नाही, कुणी मरत नाही. मी रोज सकाळी मीराची वेणी त्याच आरशासमोर घालते. आता ती मला घालू देत नाही.

अशा वेळी आपण समजावतो तसं मी समजावलं. हे खोटं असतं, ती नटी आहे, तिच्या घरी तिचीही मुलं असतील. एवढ्यावर न थांबता मेकअप कसा करतात, आरशाच्या मागे दुसरी बाई कशी उभी करतात, ते दाखवणारा व्हिडिओ लावला. तिने शांतपणे सगळा पाहिला आणि म्हणाली, ‘पण आपला आरसा तर खरा आहे ना?’

मग मी वाचायला बसले. तू हसशील, नंदा म्हणायचीच की सुमाला ताप आला तरी आधी ती तापावरचं पुस्तक शोधेल. जोआन कँटर नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी मुलं आणि पडद्यावरची भीती यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांचं म्हणणं असं की सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलाला ‘खोटं आहे’ म्हणून सांगण्याचा फारसा उपयोग होत नाही. त्याला जवळ घ्यावं लागतं, हातात काहीतरी द्यावं लागतं. समजावणं कामाला येतं ते त्याच्या पुढे. त्या हिरव्या राक्षसी हल्कच्या मालिकेत म्हणे लहान मुलांना सगळ्यात भीती कशाची वाटायची, तर चांगल्या माणसाचा हल्क होतो त्या क्षणाची. तो पुढे लोकांना वाचवतो, तरीही. ओळखीचा चेहरा बदलला हेच पुरेसं. हे वाचलं आणि पोटात गोळा आला. मी त्या अर्ध्या तासात रक्त शोधत बसले होते, आणि मीराच्या डोळ्यांसमोर एका आईची आई राहिली नव्हती.

त्यांच्याच १९९९ च्या एका अभ्यासात कॉलेजातल्या मुलांना लहानपणी पाहिलेल्या भीतिदायक सिनेमांबद्दल विचारलं होतं. चारातल्या एकाच्या मनातून ती भीती तेव्हाही पुरती गेलेली नव्हती. मंजू, इथे आपलं ते जुनं भांडण येतं. नंदाच्या लग्नात मांडवाच्या मागे तू मला म्हणालीस, ‘आपणही पाहिलेच की सगळे, काय बिघडलं आपलं?’ आणि मी तोंड फिरवून निघून गेले, तर तुला वाटलं मला तुझं मत पटलं नाही म्हणून. मत गेलं खड्ड्यात. मी गेले कारण तू विसरली होतीस आणि मी विसरले नव्हते. लहानपणी त्या उन्हाळ्यात, त्या रात्री व्हीसीआरसमोरून तू उठून चालली होतीस. मी तुझा हात धरून तुला खाली बसवलं. मला माहीत होतं पुढे काय येणार आहे, मी आदल्या दिवशी बघितला होता. तू घाबरलेली मला बघायची होती. आणि शाळा उघडल्यावर ‘मंजू डोळे उघडे ठेवून आंघोळ करते’ हे वर्गात सांगणारीही मीच. तुला वाटत आलं की ते नंदाने सांगितलं. तिच्याशी तू अख्खं वर्ष बोलली नाहीस. हे मला खूप आधी सांगायला हवं होतं.

एक दमडीचं उत्तर न लिहिता हे सगळं एकदम तुझ्या अंगावर टाकते आहे. तुझ्या बढतीचं कळलं, मनापासून आनंद झाला. नवीन घराचे फोटो पाहिले, ती खिडकी फार सुंदर आहे. भाऊजींच्या ऑपरेशनचं फोनवर सविस्तर बोलू. आता तुझा ईशान.

ईशान सुट्टीत आमच्याकडे येतोय आणि अनयने त्याला आत्ताच कळवून टाकलंय की शनिवारी भुताचा दुसरा एक सिनेमा बघायचा. तो अकरा वर्षांचा. यावरही १३+ च. मला आधी वाटायचं आकडा आहे म्हणजे कुणीतरी जाणत्याने ठरवलं असेल. आता नीट कळलं. आपल्याकडे सिनेमांना मिळणारं यूए प्रमाणपत्र १९८३ पासून आहे, आणि २०२३ च्या कायद्याने त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले. पण यूए म्हणजे दार बंद नव्हे, आईवडिलांनी ठरवा एवढंच. मुलांना दार बंद ते ए ला, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीच्या सिनेमांना. आणि ओटीटीवर दिसतो तो आकडा २०२१ च्या नियमांप्रमाणे तो प्लॅटफॉर्म स्वतःच लावतो. १३+ पासून वर पालकांना कुलूप लावायची सोय देणं त्यांना बंधनकारक आहे. ते कुलूप आमच्या टीव्हीतही होतं. मी लावलं नव्हतं.

आणि आकडे चुकतात गं. ‘पोल्टरगाइस्ट’ नावाच्या भुताच्या सिनेमात एक माणूस बाथरूमच्या आरशासमोर स्वतःचा चेहरा ओरबाडून काढतो. १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला पीजी दिलं होतं, म्हणजे मुलांनी बघायला हरकत नाही, आईबापांनी लक्ष ठेवावं. तेरा वर्षांची वेगळी पायरी तिथे १९८४ मध्ये आली, तीही दुसऱ्या दोन सिनेमांवरून पालकांनी ओरडा केल्यावर. पुन्हा आरसाच, बघ.

म्हणून यावेळी मी अर्धा तास बघून हात झटकले नाहीत. आख्खा सिनेमा एकटीने बघितला. मग आवाज बंद करून पुन्हा. मग पडद्याकडे पाठ करून नुसता आवाज. हा तिसरा प्रकार तू करून बघच. आवाज बंद केला तर निम्मं भूत निघून जातं, आणि नुसता आवाज ऐकला तर मी पस्तीस मिनिटांत उठून दिवा लावला. मुलं म्हणतात भीती वाटली तर डोळे मिटू. कान कुठे मिटता येतात?

माझं मत लिहिते. यात पहिल्यापेक्षा रक्त जास्त आहे. प्रेतं आहेत, एक तर बरंच जवळून दाखवलंय. पण सगळं घडतं एका बंद पडलेल्या खाणीत. ईशानला खाणीत झोपायचं नाही, दात घासायचे नाहीत. मला आता असं वाटतं की सिनेमा मुलाची कुठली जागा काढून घेतो ते आधी बघावं. त्याचा पलंग, त्याची न्हाणी, त्याच्या आईची मांडी. ती शाबूत राहणार असेल तर बाकी पुष्कळ सोसवतं. शिवाय यातले वडील शेवटपर्यंत वडीलच राहतात. भुताला नाव आहे, त्याच्यावर अन्याय झालेला आहे, तो कळल्यावर ते जातं, आणि गेल्यावर परत येत नाही. पहिल्या सिनेमात शेवटच्या फ्रेममध्ये आरसा पुन्हा हलतो. अनयचे मित्र त्यावर टाळ्या वाजवत होते. चौदाव्या वर्षी ती गंमत आहे. सातव्या वर्षी त्याचा अर्थ एवढाच की ती अजून इथेच आहे.

खटकणाऱ्या दोन गोष्टी. सुरुवातीलाच ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी येते. अनय त्यावर हसतो, पण ईशान मागच्या वेळी मला विचारत होता की आजोबा खरंच खोटं बोलत नाहीत ना. तुझे सासरे त्याला भुताच्या गोष्टी ‘मी पाहिलंय’ म्हणून सांगत असतील, तर ही पाटी त्याला फार जड जाईल. आणि साधारण सत्तर मिनिटांनी एक मुलगा पांघरुणाखाली असतो आणि पांघरूण आतून ओढलं जातं. अर्ध्या मिनिटाचा प्रसंग आहे. पण तेवढा पलंगातला आहे.

तर अनयला हो. ईशानला मी दुपारी, पडदे उघडे ठेवून, माझ्या शेजारी बसवून दाखवीन, आणि रिमोट त्याच्या हातात देईन. तो उठला तर मी त्याला बसवणार नाही. अनयलाही बजावून ठेवलंय की उठणाऱ्याला कुणी हसायचं नाही. मीरा त्या दिवशी आईकडे असेल. तू नको म्हणालीस तर नको, आम्ही दुसरं काहीतरी बघू. तुझा मुलगा आहे. तो दिवा लावून झोपतो का, हे मला अजून माहीत नाही. ते कळव.

आणि आणखी एक. त्या उन्हाळ्यानंतर दिवाळीला मी तुमच्याकडे आले होते. तू डोळे मिटून तोंड धूत होतीस, मावशी टॉवेल घेऊन बाजूला उभ्या होत्या. मधल्या महिन्यांत त्यांनी काय केलं होतं, हे मी तुला कधी विचारलं नाही, विचारायला तोंडच नव्हतं. आता मावशी नाहीत, तुलाच विचारते. त्यांनी तुझे डोळे कसे मिटवले? आठवेल तेवढं लिही. शनिवारची वाट बघू नकोस, मीरा उद्या सकाळीही तोंड धुणार आहे.

तुझी,
सुमा