ट्रेडीगरचं घर

ट्रेडीगर,
रविवार संध्याकाळ

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

घर विकून आम्ही दोघांनी तुमच्याकडे कार्डिफला यावं, असं तू फोनवर म्हणालीस. काळजीपोटी म्हणालीस, हे समजतं. पण आम्ही इथेच राहायचं ठरवलंय. "त्या गावात आता उरलंय तरी काय, बाबा?" असं बोलण्याच्या ओघात तू म्हणून गेलीस. त्याचं उत्तर फोनवर नीट देता येईना, म्हणून लिहायला बसलो.

कोळशाच्या खाणी गेल्या, हे खरंच. खाणकामगारांचा १९८४-८५चा वर्षभराचा संप मोडला आणि मग वेल्सच्या या खोऱ्यांतल्या खाणी एकेक करून बंद पडत गेल्या. डोंगरापलीकडचा एबू व्हेलचा पोलाद कारखाना २००२ मध्ये थंडावला. आपल्या गावात तर १९६० पासून प्रवासी रेल्वेगाडीही येत नाही. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय किंवा पेशंटांच्या तोंडून ऐकलंय, तेव्हा त्यात तुझ्याशी वाद घालत नाही.

मी मिरजेहून एमबीबीएस होऊन आलो, हॉस्पिटलांत नोकऱ्या केल्या. ज्या शाखेत पुढे जायचं मनात होतं, तिथे आमच्यासारख्यांना वरची जागा मिळणं कठीण होतं. या खोऱ्यांत मात्र डॉक्टर हवे होते, कारण इथले पदवीधर इकडे यायला फारसे राजी नसत. त्यामुळे त्या काळी वेल्सच्या कोळसापट्ट्यात गावोगावी भारतातले डॉक्टर दिसायचे. आणि आम्हाला या लोकांनी फार लवकर आपलं म्हटलं.

दवाखान्यात म्हातारा खाणकामगार शर्ट काढून पाठमोरा बसला, की मणक्यावरून खाली निळसर डागांची ओळ दिसायची. खाणीत छत बुटकं, वाकून चालताना पाठ वर घासते, सोलवटते. जखमेत कोळशाची भुकटी जाते आणि तिच्यावरूनच कातडी भरून येते. तो निळा डाग मग जन्मभर जात नाही. काहींच्या कपाळावर असायचा, काहींच्या बोटांवर. जिना चढताना दम लागतो म्हणून पलंग खालच्या बैठकीच्या खोलीत आणलेला, अशी कितीतरी घरं मी पाहिली. ही माणसं स्वतःचं दुखणं टक्क्यांत सांगायची. "मला पन्नास टक्के धूळ आहे, डॉक्टर." धूळ म्हणजे फुप्फुसात बसलेली कोळशाची. सरकारी डॉक्टरांनी छाती तपासून अपंगत्वाचे टक्के ठरवायचे आणि त्यावरून भरपाई. एवढ्या शांतपणे सांगायची, की ऐकणाऱ्याच्या पोटात तुटावं.

आपल्या गावचे नाय बेव्हन, पुढे देशाचे आरोग्यमंत्री झालेले, त्यांचे वडीलही याच धुळीने १९२५ मध्ये गेले, मुलाच्या मिठीत. भरपाई एका पेनीचीही मिळाली नाही, कारण तो आजार तेव्हा कायद्याने धंद्याचा मानलाच जात नव्हता. बेव्हन स्वतः तेराव्या वर्षी खाणीत उतरले होते. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, त्यांनी उभी केली, हे तुला शाळेत शिकवलंच असेल. पण ती त्यांच्या एकट्याच्या डोक्यातून निघाली नाही, आणि मला तुला सांगायचंय ते हेच.

१८९० मध्ये या गावातल्या कामगारांनी आपली मेडिकल एड सोसायटी काढली. पगारातल्या पौंडामागे तीन जुने पेन्स कापून घ्यायचे, म्हणजे ऐंशीतला एक भाग. त्यातून डॉक्टर, औषधं, नर्स, दातांची कामं, चष्मे. आपल्या सांगलीकडे उसाच्या बिलातल्या कपातीतून शाळा-कॉलेजं उभी राहिली, तसंच हे. पुढे पुढे गावातली जवळजवळ सगळी माणसं सोसायटीत आली. डॉक्टर कोणाला नेमायचं, हे अंगावरची काजळी धुऊन बैठकीला आलेले कामगार ठरवायचे! बेव्हन तिथल्या कारभारात शिकले, आणि ५ जुलै १९४८ ला तीच व्यवस्था साऱ्या देशाला मिळाली. गावच्या सर्कल या चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ दहा नंबरच्या घरात सोसायटीचं ऑफिस होतं. तुझा हात धरून मी तिथून शंभरदा गेलो असेन.

त्याआधी काय होतं, ते पाहायचं तर केव्हन गोलायच्या माळावर जायला हवं. १८३२ आणि १८४९ च्या कॉलऱ्यात मेलेल्यांना गावात पुरायची लोकांना भीती वाटे, म्हणून वर उघड्या माळावर नेलं. लोखंडाच्या भट्ट्यांसाठी माणसं भराभर आणून वसवलेली, घरं दाटीची, पिण्याचं पाणी घाण. थोडे दगड अजून उभे आहेत, बाकीचे गवतात आडवे. तिथे वारा इतका असतो की बोलणं ऐकू येत नाही. तुला लहानपणी कधी नेलं नाही, आई नको म्हणायची.

ऋतू, मी पेशंट तपासायचो आणि तो फी न मोजता घरी जायचा. इतकी वर्षं मी हेच केलं. मिरजेला आजोबांनी शेजाऱ्यांकडून उसने घेऊन आजीची औषधं आणलेली मी पाहिलंय, म्हणून मला या गोष्टीची किंमत कळते. ज्या गावाने ही रीत आधी स्वतःच्या पगारातून चालवून दाखवली, त्या गावात मला राहायचंय. त्या निळ्या पाठींची माणसं आता फार थोडी उरलीत. बाजारात भेटली की अजून "डॉक्टर" म्हणूनच हाक मारतात, थांबून छातीचं सांगतात. मीही थांबतो.

ईस्टरच्या सुट्टीत ईशानला घेऊन चार दिवस ये. बेडवेल्टी पार्कात १५ टनांचा कोळशाचा ठोकळा आहे, तो त्याला दाखवू. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी अखंड काढला होता, पण वाटेत फुटेल या भीतीने पाठवलाच नाही. तिथून केव्हन गोलायला जाऊ. आईचा गुडघा आता बराच बरा आहे, तीही येते म्हणते. वर थंडी असते, ईशानचं जाड जॅकेट विसरू नकोस. आणि येताना ज्वारीचं पीठ आण, इथे मिळत नाही.

तुझे,
बाबा