पेन्सिलीच्या सावलीसाठी, मॅडम

आदरणीय मॅडम,

माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा, होऊन आठ दिवस झाले. त्या गडबडीत तोंडातून नुसतं "थँक्यू मॅडम" निघालं, ते मनाला टोचतंय.

तुमच्याकडे आले तेव्हा माझी तीन वर्षं वाया गेली होती. आधीच्या मार्गदर्शकांचा एकच धोशा: देशांमधलं राजकारण सत्तेच्या चढाओढीतून समजावणारा वास्तववाद की सहकार्यातून समजावणारा उदारमतवाद, ते एकदाचं ठरवा. स्पष्टीकरण कशाला म्हणायचं हे विचारलं, की 'ते तत्त्वज्ञानवाल्यांचं काम' म्हणून विषय बंद. माझं प्रकरण त्यांनी चार महिन्यांनी परत दिलं, एकही पान न उलटता. अजून राग येतो.

तुम्ही शब्दन् शब्द वाचलात. लोकशाही देश आपसात जवळपास लढत नाहीत, हा नियम सापडला म्हणजे शांततेचं कारणही सापडलं, असं मी हेम्पेल आणि ओपनहाइम या तत्त्वज्ञांच्या १९४८च्या लेखाच्या आधारे ठासून लिहिलं होतं; घटना नियमातून काढून दाखवली की तिचं स्पष्टीकरण झालं, असं ते म्हणतात. तुम्ही वाद घातला नाहीत. टेबललॅम्प ओढलात, पेन्सिल उभी धरलीत. "सावली मोजून पेन्सिलीची उंची काढता येईल ना? मग पेन्सिल एवढी उंच आहे ती सावलीमुळे का?"

आणि गप्प बसलात. मला उमगेपर्यंत पेन्सिल तशीच धरून. हात अवघडला असेल तुमचा. गणित जुळलं तरी कारण हाती लागलेलं नसतं, हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

त्याच रात्री आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अभ्यासक वॉल्ट्झ यांचं युद्धाच्या कारणांवरचं १९५९चं पुस्तक पुन्हा उघडलं. देशांवर वचक ठेवणारी सत्ता नाही, म्हणून युद्ध होऊ शकतं, हे पटतं. पण ती सत्ता १९१३ मध्येही नव्हती. मग युद्ध १९१४ मध्येच का पेटलं? शक्य कशामुळे झालं आणि घडलं कशामुळे, हे दोन प्रश्न मी इतके दिवस एकात कालवत होते. ते वेगळे केले आणि अडलेलं तिसरं प्रकरण सहा आठवड्यांत लिहून झालं.

विद्वान माणसं मला पुष्कळ भेटली, मॅडम. समोरच्याला खजील न करता त्याची चूक दाखवणारी फार थोडी. तेवढा वेळ, तेवढा धीर कुणी कुणाला देतं का?

बांधून आलेली प्रत घेऊन पुढच्या आठवड्यात येते. तिसरं प्रकरण सावलीपासूनच सुरू होतं. ते पान आधी तुम्ही वाचा.

तुमची विद्यार्थिनी