कोकणकड्यावरून आल्यावर

प्रिय पक्या,

फोनच केला असता, पण फोनवर तू मध्येच हसतोस. तब्येत ठीक. साखर जरा वर आहे, गोळी चालू आहे. पुढे.

इंद्रवज्र दिसलं! हरिश्चंद्रगडावरच. त्या अवघड नळीच्या वाटेनं नव्हे रे, पाचनईकडून, गुडघ्याला पट्टा बांधून. पुतण्याची गँग होती बरोबर. सकाळी कड्यावर आलो तर खाली कोकण नाहीच, नुसते ढग. पाठीमागून ऊन आलं आणि समोर धुक्यात रंगीत गोल कडं, मधोमध माझी सावली. मी ओरडलो. ओरडलो कसला, बोंबललोच. पोरं इंद्रवज्र सोडून माझ्याकडे बघायला लागली.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा. 'मनानं अजून पंचविशीतलाच' म्हणवणाऱ्यांचा मला किती वैताग येतो, तुला ठाऊक आहे. रियुनियनला एकसारखे टीशर्ट घालून नाचणारे आपले ते महाभाग! (तूही नाचलास. व्हिडिओ आहे.) मग मी बोंबललो तो इंद्रवज्र बघून, की आपल्याला अजून बोंबलता येतंय या खुशीत? दुसरं असेल तर मीही त्या टीशर्टवाल्यांतलाच की. रात्र रात्र हेच उकरत बसतो. बायको म्हणते, आनंद झाला ना, मग पंचनामा कशाला?

पण गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेचं काय? कॉलेजात असताना त्या गार पाण्यात उतरून, उरलेल्या एकुलत्या खांबाला हात लावून आपण 'झालं, चल' म्हणत सटकलो होतो. या खेपेला मला तिथून हलावंसंच वाटेना. पाय बधिर झाले, पुतण्या हाका मारून थकला. तिथं तर मी ओरडलोही नाही, आणि बघायलाही कुणी नव्हतं. हे तू कशात धरशील?

बरं, आपल्या जुन्या भांडणाचं. तुला तेव्हा इंद्रवज्र 'दिसलं' आणि मला नाही, म्हणून टोलार खिंडीपर्यंत मी तुला थापाड्या म्हणत आलो होतो. तर ते कडं ज्याला त्याला आपल्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसतं. पुतण्या शेजारीच उभा, तर म्हणे माझ्याभोवती आहे! तेव्हा तुला दिसलं असेलही. पण तू त्या वेळी झुडपामागे बसला होतास, त्यामुळे शंका कायम. साइक्स नावाच्या इंग्रज साहेबानं ते पाहिल्याचं १८३५ साली छापलं, त्याला कुणी थापाड्या म्हटलं नाही. साहेब ना तो!

आईंचा मोतीबिंदू झाला का? लेकीच्या ॲडमिशनचं कळव. बदलीचं ऐकलं, वाईट वाटलं, त्यावर सावकाश लिहितो.

सप्टेंबरात पुन्हा जायचं म्हणतोय. तू ये. पाचनईकडूनच जाऊ, नळीचं नावही काढू नकोस, वहिनींना मी शब्द दिलाय.

तुझा,
बंड्या