सागरी नौकानयनाचे वर्ग नाशिकमध्येही भरावेत

मा. संपादक महोदय,

गंगापूर धरणाच्या जलाशयावर बोटीची गोडी लागलेले काही नाशिककर आता मांडवा-अलिबागच्या समुद्रात स्वतः बोट चालवू पाहतात. ही हौस स्वागतार्ह आहे. मात्र धरणात सुकाणू सांभाळता आले म्हणजे समुद्राची तयारी झाली असे नव्हे, कारण जलाशयाची पातळी दिवसभरात फारशी हलत नाही, तर मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत साधारण सहा तासांत पाणी चार मीटरहून अधिक चढते किंवा उतरते.

नांगर टाकताना याचा खरा प्रत्यय येतो. ओहोटीला दोन मीटर पाण्यात, खोलीच्या पाचपट या हिशेबाने दहा मीटर दोर सोडला, तर भरतीला सहा मीटर पाण्यात तोच दोर खोलीच्या दुप्पटही उरत नाही आणि नांगर सुटून बोट वाहू लागते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हा ठोकताळा उपयोगी असला तरी नेमकी वेळ आणि उंची छापील तक्त्यातूनच घ्यावी.

इंटरनेटवरील चित्रफिती पाहून शिकणाऱ्यांची मला अधिक काळजी वाटते. अमेरिकेत समुद्राकडून बंदरात शिरताना लाल बोया (बोटींना वाट दाखवणारी तरंगती खूण) उजव्या हाताला ठेवतात. भारतात तो डाव्या हाताला ठेवायचा असतो. अमेरिकी नियम पाठ केलेला माणूस आपल्या खाडीत पूर्ण आत्मविश्वासाने उथळावर चढेल.

सागरी नकाशावर मार्ग आखणे, अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल (१.८५२ किमी) धरून अंतर मोजणे, होकायंत्राने दोन दीपस्तंभांच्या दिशा घेऊन त्या रेषा जिथे छेदतात तिथे आपले स्थान ठरवणे, हे शिकायला समुद्र लागत नाही, मोठे टेबल पुरते. पावसाळ्यात गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटीही बंद असतात. त्याच महिन्यांत नाशिकमधील एखाद्या महाविद्यालयाने किंवा क्रीडा संस्थेने निवृत्त नौसैनिकांच्या मदतीने असे वर्ग घ्यावेत. गाठी मारणे आणि पाण्यात पडलेल्याला बोटीवर घेणे यांचा सराव नंतर जलाशयावर करता येईल. प्रत्यक्ष समुद्रावरचे धडे मात्र नारळी पौर्णिमेनंतर, तिथल्या अनुभवी नाखव्याला योग्य मानधन देऊन, त्याच्याच देखरेखीखाली व्हावेत.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक